खडकाचा रकाना

गेल्या डिसेंबरात शेजारची मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूविज्ञान. एम.एस्सी.ला कुठे जायचं, ते काही ठरत नव्हतं. तिने एक तक्ता केला होता. डावीकडे नावं: मुंबईची आयआयटी, धनबाद, बनारस, आपलं पुणे विद्यापीठ, आणि खाली परदेशातली तीन-चार. पुढे रकाने: फी, राहण्याचा खर्च, प्रवेश परीक्षा, क्रमवारी, किती जणांना नोकरी लागली. सगळं मन लावून भरलेलं. "आजी, यातलं पहिलं कुठलं टाकू?" तिने विचारलं. मी तक्ता दोनदा वाचला आणि म्हटलं, "यात खडकाचा रकाना कुठाय?"

तिला प्रश्न कळला नाही. तो कळावा म्हणून त्या संध्याकाळी आणि पुढच्या दोन-तीन भेटींत जे सांगत गेले, तेच इथे नीट लावून लिहिते आहे. पुण्यात ज्यांनी ज्यांनी दगडाचा अभ्यास करायचं मनावर घेतलं, त्या सगळ्यांना हा प्रश्न कधी ना कधी सोडवावा लागला. कारण हे शहर एकाच खडकावर बसलेलं आहे.

पुण्यात कुठेही पाया खणायला घ्या. वर माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा फत्तर. पाताळेश्वराचं लेणं त्यातच कोरलंय, शनिवारवाड्याचं जोतं त्याचंच आहे, वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीही त्याच्याच. हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचत गेले. आज ते जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर मुलखावर पसरलेले आहेत. मराठीत त्यांना 'दक्षिण ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला. पावसाळा संपल्यावर खडकवासल्याच्या बाजूने सिंहगडाकडे पाहिलं की तो शब्द का चिकटला ते दिसतं: कठीण थराचा उभा कडा, मग मऊ थराचा गवताळ उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार.

हा शब्द आपल्या दगडाला लावणाऱ्या पहिल्या माणसांत कर्नल विल्यम हेन्री साइक्स होता. १८२०च्या दशकात मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं होतं. लोकसंख्या, पिकं, जमिनी यांची मोजदाद करता करता त्याने पक्षी आणि मासेही टिपले, आणि पायाखालचे थरसुद्धा. दख्खनच्या खडकांवरचा त्याचा निबंध १८३६ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापला. साइक्सकडे भूविज्ञानाची पदवी नव्हती. नेमणूक जिथे झाली तिथे जो खडक होता, तो त्याने वाचला.

त्याच्यानंतरचे वाचक होते इंजिनिअर. १८५४ साली सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची शिकलेली माणसं मिळावीत म्हणून पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. तेच आजचं सीओईपी. त्याच दशकात बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले जात होते. १८६३ साली घाटातून गाडी धावू लागली, पण त्याआधी सुरुंगांनी फुटलेल्या कातळाच्या पोकळ्यांतून झिओलाइटचे आणि अपोफिलाइटचे असे काही स्फटिक निघाले, की ते थेट इंग्लंडच्या संग्रहालयांत गेले. पुढे मुठा नदीवर खडकवासल्याचं दगडी धरण उभं राहिलं. या सगळ्या कामांना भूविज्ञान लागत होतं, पण ते इंजिनिअरच्या दोन प्रश्नांपुरतं: पाया भार धरेल का, आणि पाणी झिरपेल का? या दोन प्रश्नांचा धागा पुण्यात तुटला नाही. प्रा. आर. बी. गुप्ते यांचं अभियांत्रिकी भूविज्ञानाचं पाठ्यपुस्तक पुणे विद्यार्थी गृहाने छापलं, आणि सिव्हिलच्या मुलांच्या कितीतरी पिढ्या ते काखेत मारून धरणांवर गेल्या.

दगडाचा दगड म्हणून अभ्यास रुजला तो फर्ग्युसनमध्ये, आणि तिथे प्रा. क. वा. केळकर यांचं नाव आदराने घ्यावं लागतं. त्या काळी पुण्याची कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. भूविज्ञानात पुढे जायचं तर मुलं नकाशा पुढ्यात घेऊन बसत. कलकत्त्याचं प्रेसिडेन्सी कॉलेज होतं, तिथे १८९२पासून हा विषय शिकवला जात होता. बनारस होतं. १९२६ साली धनबादला खनिकर्माची शाळा निघाली, कारण कोळसा तिथे होता. पैसा आणि ओळख असेल त्याला लंडन. केळकरांनी पुण्यातच राहून एका खडकाच्या शहरात सगळ्या खडकांचं शास्त्र शिकवलं, आणि ते मराठीत आणलं. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश निघाला, त्यातल्या भूविज्ञानाच्या कितीतरी नोंदींखाली 'केळकर, क. वा.' एवढंच नाव आहे. खेड्यातून आलेल्या माझ्यासारख्या मुलीला इंग्रजी पुस्तकाचं पान अडलं, की त्या शब्दांचा आधार असे. अग्निज, रूपांतरित, जीवाश्म, विभंग: हे शब्द कुणीतरी आधी घासून ठेवले म्हणून आम्हाला ते सहज बोलता आले.

त्या काळातली एक निवड मी मुलांना नेहमी सांगायची. दाराशा नोशेरवान वाडिया सुरतेत जन्मले, बडोद्याला शिकले, आणि १९०७ साली जम्मूच्या कॉलेजात शिकवायला गेले. मोठं नाव असलेली ती जागा नव्हती. पण कॉलेजच्या दारातून बाहेर पडलं की शिवालिकच्या टेकड्या, आणि त्यांच्यामागे हिमालय. सुट्टी लागली की वाडिया डोंगरात. तिथेच त्यांना स्टेगोडॉन गणेश या लुप्त झालेल्या हत्तीचा प्रचंड सुळा सापडला. १९१९ साली त्यांचं भारताच्या भूविज्ञानावरचं पुस्तक आलं, आणि त्यानंतर हा विषय शिकलेल्या प्रत्येक भारतीय मुलाने ते वाचलं. नंगा पर्वताभोवती हिमालयाच्या रांगा का वळतात, हे पुढे त्यांनीच उलगडून दाखवलं. मोठी विद्यापीठं त्या काळीही होती. वाडियांना घडवलं ते जम्मूच्या दारातल्या खडकाने.

१९४९च्या फेब्रुवारीत पुणे विद्यापीठ स्थापन झालं. बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू, आणि गणेशखिंडीतला गव्हर्नरचा जुना बंगला ही मुख्य इमारत. एम.एस्सी.साठी मुंबईच्या विद्यापीठाकडे बघण्याची गरज संपली. पण खडक तोच राहिला, आणि त्यातून पुण्याच्या भूविज्ञानाला एक चांगली सवय लागली: बाहेर पडायची. ज्याच्या दारात ग्रॅनाइट आहे, कोळसा आहे, शंख-शिंपले भरलेला चुनखडक आहे, त्याचं वर्गातच निभावतं. आम्हाला हातोडा, होकायंत्र आणि वळकटी घेऊन निघावंच लागे. प्रा. ग. वा. चिपळूणकरांचंच पाहा. त्यांचं काम जीवाश्मांचं, आणि बेसाल्टात जीवाश्म शोधायचे तरी कुठे? नर्मदेच्या खोऱ्यातल्या बाघचे थर त्यांनी अभ्यासले. तिथे एके काळी समुद्र आत शिरला होता. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, म्हणजे शं. पु. आघारकरांनी १९४६ साली सुरू केलेल्या संस्थेत, जीवाश्मांवर काम करणारी परंपरा उभी राहिली. लाव्ह्याच्या शहरात समुद्रातले अमोनाइट कपाटांत नीट चिठ्ठ्या लावून ठेवलेले असावेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता माझ्या अर्जाकडे येते.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या अलीकडचं. वडील, म्हणजे नाना, प्राथमिक शाळेत मास्तर. तीन एकर जिराईत आणि एक विहीर. कोयनेचा भूकंप झाला ती ११ डिसेंबर १९६७ची पहाट मला लख्ख आठवते. फळीवरची भांडी खाली आली आणि आजीने आम्हा सगळ्यांना अंगणात ओढलं. दुसऱ्या दिवशी नानांनी पेपर वाचून दाखवला. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होतो का, हा वाद तेव्हा सुरू झाला. जमिनीच्या आत काय आहे ते शिकवणारा एक विषय असतो, हे मला त्या चर्चेतून कळलं, आणि दोन वर्षांनी मी फर्ग्युसनला आले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मी बी.एस्सी.ला होते. घरी गेले की रस्त्यावर खडी फोडणारी माणसं दिसत, त्यांत शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीही असत. मुलांना सुकडी मिळे. रेशनला मिलो. आमची विहीर चाळीस फुटांची, तळाला ओल उरलेली. नानांनी पाणाड्या आणला. त्याने कडुलिंबाची बेचकी हातात धरून शेतभर फिरून एक जागा दाखवली. तिथे खणलं, बारा फुटांवर काळा फत्तर लागला, सुरुंग लावले, पैसे संपले. पाणी नाही.

मे महिन्यात मी शिडीने आमच्याच विहिरीत उतरले. लहानपणापासून ती विहीर पाहत आले होते, पण तिची भिंत वाचली अशी त्या दिवशीच. वर मुरूम. त्याखाली भोकाभोकांचा, भोकांत पांढरं भरलेला दगड; आमच्याकडे त्याला मांजऱ्या म्हणतात, कॉलेजात त्याला अमिग्डलॉयडल बेसाल्ट म्हणायला शिकवलं होतं. त्याखाली घट्ट काळा फत्तर, आणि तळापासून पुरुषभर उंचीवर हातभर जाडीचा तांबडा पट्टा. हा गेरूचा थर. एक लाव्हा थंड झाला, पुढचा यायच्या आधी त्याचा माथा कुजून माती झाली, आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती माती भाजली. म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधलं ते अंतर होतं, माझ्या हाताखाली, गुळगुळीत आणि गार. पश्चिमेच्या बाजूला त्या पट्ट्याच्या बरोबर वर फत्तराला फटी होत्या, आणि तेवढीच जागा ओली होती. गेरू चिकट असतो, पाणी सहज खाली सोडत नाही. नानांना म्हटलं, खाली जाऊ नका, इथे आडवं फोडा. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आठ दिवसांनी तिथून पाझर सुटला. शेताला पुरेल इतका नाही, पण दिवसाला दहा-बारा हंडे. आमचं घर आणि शेजारची दोन घरं त्या हंड्यांवर जूनपर्यंत निभावली.

१९७३ साली मी एम.एस्सी.चे अर्ज भरले तेव्हा माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पुणे विद्यापीठ. मुंबईची आयआयटी. आणि एका खाण कंपनीची शिष्यवृत्ती: दोन वर्षांचा सगळा खर्च, पुढे नोकरी. घरची परिस्थिती पाहता तिसरी वाट सोन्याची होती. गुणपत्रिकांच्या प्रती टाइप करून घेतल्या, त्यांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळवायला दोन दिवस तहसील कचेरीत बसले. कंपनीचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. खाणीच्या कामासाठी स्त्री उमेदवाराचा विचार होऊ शकत नाही. मी रडले. नंतर कळलं की त्यामागे कायदा होता. १९५२च्या खाण कायद्याच्या ४६व्या कलमाने स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला मनाई होती, आणि वरच्या कामालाही संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बंदी. कितीतरी मुलींनी कुठला विषय, कुठली शाखा घ्यायची, हे त्या एका कलमाने ठरवून टाकलं. जानेवारी २०१९मध्ये सरकारने ही वाट अटी घालून उघडली. ती बातमी वाचली तेव्हा मी निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. शेजारची ही मुलगी तेव्हा शाळेत होती, आणि तिच्या तक्त्यात धनबाद आहे यामागे तेही एक कारण आहे.

उरलेल्या दोन वाटांवर घरी बोलणं झालं. नानांनी ना फी विचारली, ना नोकरी. ते म्हणाले, "दगड कुठला शिकवतात तिथे? आपलाच का?" मी म्हटलं, सगळेच शिकवतात, पण पुण्यात आपला जास्त. "मग पुण्यालाच जा. आपल्या दगडात पाणी कुठं असतं ते शिकून ये." माझी निवड अशी झाली.

विद्यापीठात पहिल्या सत्रात खडकाचे काप करायला शिकवत. मी विहिरीतला फत्तराचा तुकडा पिशवीतून नेला होता. आधी त्याची पातळ चकती, ती काचपट्टीवर कॅनडा बाल्समने चिकटवायची, मग काचेच्या तावावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन घासत बसायचं. आधी भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी तीन भागांइतकी जाडी उरेपर्यंत. बोटांची टोकं सोलतात. थोडं जास्त घासलं की काप पाण्याबरोबर वाहून जातो. माझे पहिले दोन गेले. तिसरा मायक्रोस्कोपखाली धरला. काळा कुळकुळीत फत्तर काचेसारखा पारदर्शक झाला होता. ध्रुवीकरणाच्या दोन चकत्या आडव्या केल्या तेव्हा प्लॅजिओक्लेजच्या काड्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांनी उजळल्या, आणि त्यांच्यामध्ये पायरॉक्झिनचे दाणे जांभळे, पिवळे, निळे. ज्या दगडाने आमच्या घरचे सुरुंगाचे पैसे खाल्ले, तो आत असा होता. मी नानांना पत्र लिहिलं. त्यांनी ते शाळेत मुलांना वाचून दाखवलं.

त्या दुष्काळानेच १९७२ साली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जन्माला घातली होती, मुख्यालय पुण्यात. एम.एस्सी.नंतर मी तिथे लागले. आमच्या बेसाल्टात बोअर घ्यायला हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं युनिसेफच्या मदतीने आली होती. जालना आणि सोलापूरच्या मिशनच्या कामातून टिकाऊ हातपंप तयार झाले होते. पुढे देशभर आणि परदेशांतही पोचलेला इंडिया मार्क २ याच वाटेवरून आला. मी गावोगावच्या शेकडो विहिरींत उतरले. आणि एक सांगते: साठच्या दशकापर्यंत पुण्यात भूविज्ञान घेणाऱ्या मुलाला घरचे विचारत, याचं पुढे काय होतं? बहात्तरनंतर ते विचारणं कमी झालं. पाणी शोधणारा म्हणून त्याला गावात खुर्ची मिळू लागली.

वर्गातल्या सगळ्यांनी काही हा रस्ता घेतला नाही. काही जण फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश कौन्सिलच्या ग्रंथालयात बसून परदेशी विद्यापीठांची माहितीपुस्तकं उलटत. पसंत पडलेल्या प्राध्यापकाला हवाईपत्र लिहायचं, उत्तराची महिना-दीड महिना वाट बघायची. शिफारसपत्रं लाखेने बंद पाकिटात. जमशेटजी टाटांच्या नावाच्या १८९२पासूनच्या निधीतून कर्ज-शिष्यवृत्ती मिळते का, ते पाहायचं. परकीय चलन इतकं दुर्मीळ, की आठ डॉलर खिशात घालून विमानात बसलेल्यांच्या हकीकती घरोघर ऐकायला मिळत. आमच्यापुढे उदाहरण होतं अदिती पंत यांचं. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. करून त्या सागरविज्ञान शिकायला हवाई बेटांवरच्या विद्यापीठात गेल्या, मग लंडनला पीएच.डी. केली, आणि परत येऊन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या. १९८३च्या अखेरीस निघालेल्या अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या पहिल्या भारतीय स्त्रिया होत्या. समुद्र शिकायचा म्हणून समुद्राच्या मधोमध असलेलं विद्यापीठ. पंतांच्या अर्जात खडकाच्या रकान्याच्या जागी पाण्याचा होता, इतकंच.

आणखी एक दार पुण्यात येरवड्याजवळ होतं, आणि ते भूविज्ञानाच्या मुलांना उशिरा दिसे: डेक्कन कॉलेज. १९३९ साली ते संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि ह. धी. सांकलियांनी तिथे पुरातत्त्व उभं केलं. अश्मयुगीन हत्यार कुठल्या थरात सापडलं, हे सांगायला भूवैज्ञानिक लागतो. शरद राजगुरूंनी ते काम आयुष्यभर केलं, नद्यांच्या काठांवर फिरून. जुन्नर तालुक्यातल्या बोरी इथे कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला तेव्हा तर गंमतच झाली. ही राख आपल्या बेसाल्टाची नाही, त्यामानाने अगदी कालची. सुमात्रातल्या तोबाची की आणखी जुन्या उद्रेकाची, यावर वर्षानुवर्षं वाद झडले. हजारो मैलांवरून उडत आलेली राख बोरीच्या शेतांखाली.

दरम्यान आमच्या काळ्या दगडाचे दिवस पालटले. १९८० साली अल्वारेझ पितापुत्रांनी मांडलं की डायनोसॉर संपले ते उल्का आदळून. लगेच दुसरी बाजू उभी राहिली: त्याच सुमारास दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता, त्याचा वाटा किती? जगभरचे प्रयोगशाळावाले सह्याद्रीत उतरले. थरांची रासायनिक ओळख पटवून त्यांना नावं दिली गेली: ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. आपल्या वाड्या-घाटांची ही नावं आज जगभरच्या शोधनिबंधांत छापली जातात. नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या खाणींतून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस निळाशार कॅव्हनसाइट निघू लागला आणि जगातल्या संग्रहालयांत पोचला. शिरूरहून येताना माझी एस.टी. त्याच खाणींवरून जात असे. ज्या एकाच खडकापायी आम्ही पुण्याला कमी समजत होतो, तो शिकायला लोक जगाच्या पलीकडून अर्ज करू लागले.

मग १९९३चा किल्लारीचा भूकंप. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून झोपलेली गावं पहाटे ढिगाऱ्याखाली गेली. दख्खनचं पठार स्थिर आहे, हे आम्ही पाठ केलं होतं. ३० सप्टेंबरनंतर ते वाक्य तसंच्या तसं शिकवणं मला अशक्य झालं. बेसाल्टाच्या खाली काय आहे, हा प्रश्न आता जिवाचा झाला. कोयना परिसरात याच प्रश्नासाठी तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं गेलं, त्याचं काम कराडच्या केंद्रातून चालतं. बाराशे मीटरहून थोडं खाली गेल्यावर बेसाल्ट संपला आणि अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइटी पाया लागला. एकाच खडकाचं म्हणून आम्ही ओळखलेलं हे घर दुमजली निघालं. २०१४च्या जुलैत आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला तेव्हा मुरूम आणि पाऊस यांचं नातं पुन्हा शिकावं लागलं. पुण्यातली भूविज्ञानाची प्रत्येक नवी शाखा अशा एखाद्या वर्षानंतर फुटली आहे. धरणांनी अभियांत्रिकी भूविज्ञान दिलं, दुष्काळाने भूजल, भूकंपांनी भूकंपशास्त्र.

शेजारच्या मुलीच्या हाती आमच्यापेक्षा खूप जास्त आहे. २००४पासून आयआयटींची एकत्रित प्रवेश परीक्षा आहे. २००६पासून पुण्यात आयसर आहे. १९९८पासून अ‍ॅक्वाडॅमसारखी संस्था गावकऱ्यांबरोबर भूजलाचं काम करते आहे. फीचा आणि नोकरीचा रकाना खोटा आहे असं मी तिला कधीच म्हटलं नाही. मी स्वतः मास्तराची मुलगी. पैशाचा रकाना आधी वाचावा लागतो, हे मला कुणी सांगायला नको. मी तिला एवढंच सांगितलं की प्रत्येक नावापुढे आणखी चार गोष्टी लिही. विभागाच्या दारापासून दिवसाभरात पोचता येतील असे खडक कुठले? वर्षात किती दिवस विद्यार्थ्यांना फील्डवर नेतात? शिकवणाऱ्यांपैकी अजून स्वतः हातोडा घेऊन कोण फिरतं, आणि कुठल्या खडकावर? आणि खडकाचा काप तुला स्वतःच्या हाताने करू देतात की तयार पेटी पुढे ठेवतात? ही उत्तरं संकेतस्थळावर मिळत नाहीत. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाला फोन करावा लागतो. तिने केले.

फेब्रुवारीत परीक्षा झाली, मार्चमध्ये निकाल. एप्रिलमध्ये पसंतीक्रम भरायच्या शेवटच्या रात्री ती पुन्हा आली. तक्त्यात नवा रकाना होता. पुण्यापुढे लिहिलं होतं 'बेसाल्ट, पाणी', मुंबईपुढे 'बेसाल्ट, किनारा', धनबादपुढे 'गोंडवनी गाळ, कोळसा'. पहिल्या क्रमांकावर धनबाद होतं.

मी कारण विचारलं. ती म्हणाली, "आजी, मी जन्मापासून लाव्ह्यावर राहते. कोळशाच्या थरात ग्लोसोप्टेरिसचं पान असतं ना, शिरांसकट? ते मला स्वतः दगड फोडून बघायचंय. आणि खाणीत उतरायचंय." मग थोडं थांबून, "परत आले की चंद्रपूरला काम करीन. तिथे तोच दगड आहे."

मी तिच्या लॅपटॉपवरचं बटण दाबलं जाताना पाहिलं. मग कपाटातून विहिरीच्या फत्तराचा तो काप काढला. पन्नास वर्षांनी बाल्सम कडेने थोडा पिवळा झालाय, पण मधला भाग अजून स्वच्छ आहे. काचपट्टीच्या चिठ्ठीवर माझ्या तेव्हाच्या अक्षरात गावाचं नाव, विहीर, पश्चिम भिंत, आणि गेरूपासूनची उंची. चिठ्ठीवर खडकाच्या जागेचं नाव असं लिहायचं असतं, हे तिला दाखवलं. तिच्या पहिल्या कापावर ती धनबादची जागा लिहील.